नाव जुने, यंत्र नवे : ‘बीएसए गोल्ड स्टार’चे पुनरागमन

‘बीएसए’ ही तीन अक्षरे मराठवाड्यातील जुन्या पिढीला ठाऊक आहेत ती सायकलीमुळे. चेन्नईच्या टीआय सायकल्स या कंपनीने ‘हर्क्युलस’ आणि ‘बीएसए’ या नावांनी बनविलेल्या सायकलींवर अनेकांचे शालेय शिक्षण पार पडले. या अक्षरांचा उगम इंग्लंडमधील बंदुकांच्या कारखान्यात आहे, आणि याच नावाच्या मोटारसायकली बनविणारा समूह एके काळी जगातील सर्वांत मोठा मोटारसायकल उत्पादक होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. १५ ऑगस्ट २०२४ रोजी ‘बीएसए गोल्ड स्टार ६५०’ ही मोटारसायकल भारतीय बाजारात दाखल झाली. तिचे मालक मुंबईचे, कारखाना मध्य प्रदेशातील पीथमपूरचा, इंजिनाचे कुळ ऑस्ट्रियाचे आणि ब्रेक इटालियन कंपनीचे. टाकीवरचे नाव तेवढे ब्रिटिश.

बंद पडलेल्या कंपनीचे नाव विकत घेऊन त्या नावाने नवी गाडी बाजारात आणण्याचा प्रघात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चांगलाच रुजला आहे. जुन्या धाटणीच्या नव्या गाडीला ‘रेट्रो’ म्हटले जाते. तीन लाख रुपये मोजणाऱ्या ग्राहकाच्या हाती या व्यवहारात नेमके काय पडते, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. कर्ज काढून अशी गाडी घेणारा तरुण आता तालुक्याच्या गावीही भेटतो.

बंदुकांच्या कारखान्यातून

‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ ही कंपनी १८६१ साली बर्मिंगहॅममधील बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन स्थापन केली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे बोधचिन्ह. सरकारच्या मागणीत खंड पडला की कारखाना रिकामा राहू लागला, म्हणून कंपनी सायकलींकडे वळली आणि १९१० साली तिने पहिली मोटारसायकल बाजारात आणली. लोखंड अचूक कापण्याची आणि घासण्याची यंत्रे हाताशी होतीच. बंदुकीच्या नळीसाठी लागणारे कसब सायकलीच्या आणि पुढे इंजिनाच्या भागांसाठीही उपयोगी पडले.

‘गोल्ड स्टार’ या नावाची कथा जाहिरातवाल्यांनी रचलेली नाही. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील धावपट्टीवर स्पर्धेत ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण करणाऱ्या स्वारास तेथील मोटारसायकल क्लबतर्फे सोनेरी ताऱ्याचे छोटे पदक दिले जाई. ३० जून १९३७ रोजी वॉल हँडली या स्वाराने बीएसएच्या ५०० सीसी ‘एम्पायर स्टार’वर हा पराक्रम केला. कंपनीने पुढच्याच वर्षी नव्या गाडीला त्या पदकाचे नाव देऊन टाकले. गोल्ड स्टारचे प्रत्येक इंजिन कारखान्यात चाचणीयंत्रावर चालवून पाहिले जाई आणि त्याने दिलेल्या शक्तीची नोंद गाडीबरोबर ग्राहकाला मिळे. आजच्या कोणत्याही कंपनीने ही पद्धत पुन्हा सुरू केली तर तिचे स्वागतच होईल.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीने ‘एम २०’ या लष्करी मोटारसायकली सुमारे १ लाख २६ हजारांच्या संख्येने बनविल्या. त्याची किंमतही मोजली. नोव्हेंबर १९४० मध्ये स्मॉल हीथ येथील कारखान्यावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात ५३ कामगार मृत्युमुखी पडले. युद्धानंतर कंपनी वेगाने वाढली. १९५१ साली तिने ट्रायम्फ ही प्रतिस्पर्धी कंपनीच विकत घेतली आणि बीएसए समूह जगात पहिल्या क्रमांकावर गेला.

एवढा मोठा डोलारा दोन दशकांत कोसळला. दोष केवळ जपान्यांच्या माथी मारण्याची रीत आहे, ती अर्धीच खरी. अध्यक्ष सर बर्नार्ड डॉकर यांच्या कारकिर्दीत समूहातील डेमलर कंपनीच्या मोटारींवर सोन्याचा मुलामा चढविला जात होता. १९५६ साली संचालकांनी त्यांना पदावरून दूर केले. दरम्यान कारखान्यातील यंत्रे जुनी होत गेली. ब्रिटिश इंजिनांचे कवच उभे दोन भागांत जोडलेले असे आणि त्या सांध्यातून तेल पाझरत राही. गाडीखाली तेलाचा डाग पडणे हे स्वभावाचे लक्षण मानून ग्राहक ते सोसत होते, तोवर ठीक होते. १९६९ साली होंडाने ‘सीबी ७५०’ ही चार सिलिंडरची गाडी आणली. तिला बटण दाबून सुरू होण्याची सोय होती, पुढे डिस्क ब्रेक होता, आणि तिच्याखाली तेल सांडत नव्हते. गोल्ड स्टारचे उत्पादन त्याआधीच, १९६३ साली थांबले होते. लुकास कंपनीने तिला लागणारा मॅग्नेटो बनविणे बंद केले, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. म्हणजे सर्वांत मानाची गाडी एका सुट्या भागावाचून अडली. १९७३ साली उरलासुरला उद्योग ‘नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ’ या नव्या कंपनीत विलीन झाला आणि बीएसए हे नाव टाक्यांवरून पुसले गेले.

नावाची किंमत अठ्ठावीस कोटी

त्यानंतर तब्बल चार दशकांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये महिंद्र अँड महिंद्रने आपल्या ‘क्लासिक लेजंड्स’ या उपकंपनीमार्फत ‘बीएसए कंपनी लिमिटेड’ विकत घेतली. किंमत सुमारे ३४ लाख पौंड, म्हणजे तेव्हाचे २८ कोटी रुपये. मुंबईच्या चांगल्या वस्तीतील एखाद्या आलिशान घराच्या किमतीत जगातील सर्वांत मोठ्या मोटारसायकल समूहाचे नाव मिळाले, असे म्हणता येईल. या पैशांत स्मॉल हीथचा कारखाना मिळाला नाही, जुने साचे मिळाले नाहीत, कारागीर तर कधीच पांगले होते. मिळाला तो नावाचा आणि बोधचिन्हाचा हक्क.

क्लासिक लेजंड्समध्ये त्या वेळी महिंद्रचा वाटा ६० टक्के होता. उरलेला अनुपम थरेजा आणि मुंबईचे बांधकाम व्यावसायिक बोमन इराणी यांचा. इराणींचे या व्यवसायाशी नाते वडिलार्जित आहे. त्यांचे वडील रुस्तम इराणी हे म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ या कारखान्याच्या संस्थापकांपैकी एक. मूळच्या चेकोस्लोव्हाकियातील जावा आणि पुढे ‘येझदी’ या नावाने निघालेल्या त्यांच्या गाड्या १९९६ साली कारखाना बंद पडेपर्यंत देशभर धावत होत्या.

एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाला परक्या नावाची गरज का भासावी? उत्तर पीथमपूरच्या कारखान्यात आहे. हा कारखाना मूळचा पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकचा. २००८ साली महिंद्रने कायनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय घेतला, तेव्हा तो त्यांच्याकडे आला. तेथून महिंद्रने ड्युरो, रोडिओ, सेंच्युरो अशा गाड्या काढल्या. त्यांपैकी एकही बाजारात ठसा उमटवू शकली नाही. २०१५ साली आलेली ३०० सीसीची ‘मोजो’ ही यंत्र म्हणून चांगली गाडी होती. लांबच्या प्रवासाला घेऊन जाणाऱ्यांनी तिचे कौतुक केले, पण खप जेमतेमच राहिला. मग १५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत ‘जावा’ पुन्हा अवतरली. तिच्यातील २९३ सीसीचे इंजिन मोजोच्याच इंजिनावर बेतलेले, कारखानाही तोच. फरक होता तो टाकीच्या गोलाईत, दुहेरी सायलेन्सरमध्ये आणि नावात. डिसेंबर संपण्यापूर्वीच कंपनीला ऑनलाइन नोंदणी थांबवावी लागली, कारण पुढच्या सप्टेंबरपर्यंतच्या गाड्या आधीच विकल्या गेल्या होत्या.

नाव काय करू शकते याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणार नाही. नाव काय करू शकत नाही, हेही त्याच गाडीने दाखविले. ताबे मार्च २०१९ च्या अखेरीस सुरू झाले आणि अनेकांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. वडिलांच्या जावाच्या आठवणीने पैसे भरणारा माणूस विक्रेत्याच्या दारात दहाव्यांदा जातो, तेव्हा आठवण फारशी कामाला येत नाही. नावाच्या मालकीचेही सोपे नसते. येझदी या नावावर हक्क कोणाचा, बंद पडलेल्या कंपनीचा की नव्या मंडळींचा, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे चालला.

तीन तऱ्हेचे पुनरुज्जीवन

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. गाळाने बुजलेली ही बारव अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. तेथे दगड तेच, पायऱ्या त्याच आणि पाझरही त्याच जमिनीचा. याला जीर्णोद्धार म्हणता येते. मोटारसायकलींच्या बाबतीत ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द इतक्या सरळ अर्थाने क्वचितच वापरता येतो, आणि ब्रिटिश नावांपुरते पाहिले तर त्याच्या तीन तऱ्हा दिसतात.

त्यांपैकी वालूरच्या बारवेशी जवळचे नाते आहे ते रॉयल एनफिल्डचे. १९५५ साली मद्रासमध्ये ‘एनफिल्ड इंडिया’ सुरू झाली. इंग्लंडमधील मूळ कंपनी पुढे बंद पडली, पण मद्रासमध्ये बुलेट बनत राहिली. तहसील कचेरीसमोर, पोलीस ठाण्याच्या आवारात, बागायतदाराच्या वाड्यात ती दिसत राहिली. आयशर समूहाने १९९० च्या दशकात कंपनी ताब्यात घेतली, २००९ साली ‘क्लासिक’ आणली आणि मग खपाने जी उसळी घेतली ती सर्वांसमोर आहे. यंत्र बदलत गेले, गिअरचा खटका उजव्या पायाकडून डाव्या पायाकडे आला, तरी उत्पादनाचा धागा तुटला नाही.

दुसरी तऱ्हा ट्रायम्फची. १८८५ साली न्यूरेंबर्गहून इंग्लंडला आलेल्या सिगफ्रीड बेटमन यांनी स्थापन केलेल्या या कंपनीचा मेरिडन येथील कारखाना १९८३ साली बंद पडला. नाव आणि हक्क विकत घेतले ते जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने. त्यांनी जुने इंजिन रेटण्याऐवजी हिंकली येथे नवा कारखाना उभारून नवी इंजिने घडविली, आणि गाड्या तेलगळतीविना धावतात असा विश्वास बसल्यावर, २००१ साली जुन्या ‘बॉनविल’चे रूप बाजारात आणले. आधी यंत्र, मग आठवण असा हा क्रम आहे आणि तोच योग्य, असे या लेखकाचे मत आहे. महाराष्ट्राशी या कथेचा सांधा जुळला तो चाकणला. बजाज ऑटो आणि ट्रायम्फ यांच्यातील भागीदारीची घोषणा २०१७ साली झाली, जानेवारी २०२० मध्ये करार झाला आणि जुलै २०२३ मध्ये ‘स्पीड ४००’ सव्वादोन लाखांच्या आसपास किमतीला भारतात आली. ३९८ सीसी, ४० अश्वशक्ती, सहा गिअर. आखणी ट्रायम्फची, उत्पादन चाकणच्या बजाज कारखान्यात. येथून ती परदेशांतही जाते. स्कूटरसाठी ज्या बजाजकडे नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्याच बजाजच्या कारखान्यातून इंग्लंडच्या रस्त्यांवर ट्रायम्फ जावी, हा काळाचा महिमा.

बीएसए तिसऱ्या तऱ्हेची. मध्ये चार दशकांचा खंड, जुन्याशी यंत्राचा कोणताही संबंध नाही, केवळ नाव आणि रूप. ही तऱ्हा सर्वांत जोखमीची. नॉर्टनचे उदाहरण ताजे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्याच्या कायनेटिक समूहाने नॉर्टनशी भागीदारी जाहीर केली. गाड्या तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगरमधील कारखान्यात जुळविल्या जाणार होत्या. जानेवारी २०२० मध्ये नॉर्टनच दिवाळखोरीत गेली. तिच्या तत्कालीन मालकाने निवृत्तिवेतन निधीचे पैसे नियमबाह्य रीतीने स्वतःच्याच कंपनीत गुंतविल्याचे उघड झाले, आणि पुढे त्याने तो गुन्हा कबूलही केला. ज्यांच्या म्हातारपणाची पुंजी त्यात अडकली, त्यांना कमांडोच्या सुबक टाकीने काय दिलासा मिळणार? एप्रिल २०२० मध्ये टीव्हीएसने १ कोटी ६० लाख पौंडांना नॉर्टन घेतली.

नव्या गोल्ड स्टारचे अंतरंग

बीएसएची नवी गोल्ड स्टार डिसेंबर २०२१ मध्ये बर्मिंगहॅम येथेच प्रथम दाखविण्यात आली. भारतात येण्यापूर्वी ती ब्रिटन आणि युरोपात विकली गेली. ६५२ सीसीचे एकच सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, दोन स्पार्क प्लग, सुमारे ४५ अश्वशक्ती आणि ५५ न्यूटन-मीटर ओढ. इंजिनाचे मूळ ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे. बीएमडब्ल्यूची ‘एफ ६५०’ १९९० च्या दशकात रोटॅक्सच्याच ६५२ सीसी इंजिनावर चालत असे.

जुन्या आणि नव्यातील अंतर एका आकड्यात कळते. १९५० च्या दशकातील ५०० सीसी गोल्ड स्टारच्या सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८८ मिलिमीटर होती. नव्या गाडीत व्यास १०० आणि धाव ८३. म्हणजे जुने इंजिन किंचित लांब धावेचे, नवे स्पष्टपणे आखूड धावेचे. दोघांची नाडी वेगळी. शिवाय नवे इंजिन पाण्याने थंड होते. तरीही सिलिंडरवर हवेने थंड होणाऱ्या इंजिनासारख्या पट्ट्या दिल्या आहेत. रेडिएटर समोर आहेच, तो काळ्या रंगात जमेल तितका लपविला आहे.

हा देखावा फसवणूक मानावा का? जुने यंत्र जसेच्या तसे बनविणे आज कायद्यानेच अशक्य आहे. १२५ सीसीवरील दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचे आहेत आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही धुराची मर्यादा लागू आहे. कार्ब्युरेटर त्यात टिकत नाही, इंधन फवारणीच लागते. तेव्हा आतले यंत्र आजचेच असणार. बाहेरचे रूप कालचे ठेवावे की नाही, एवढाच निर्णय कंपनीच्या हाती उरतो. पट्ट्या शोभेच्या आहेत हे कंपनी लपवीत नाही, तोवर त्यात काही वावगे नाही. वावगे ठरेल ते असे, की शोभेवर खर्च होऊन सुट्या भागांवर हात आखडला जाईल.

दाखल होताना गोल्ड स्टारची शोरूमची किंमत २ लाख ९९ हजारांपासून सुरू होत होती. वजन दोनशे किलोंवर, टाकी बारा लिटरची, चाके तारांच्या आऱ्यांची. अशा चाकांत ट्यूब असते. वाटेत खिळा घुसला तर चाक उतरवल्याशिवाय पंक्चर निघत नाही. परभणी, सेलू, जिंतूर या पट्ट्यात फिरणाऱ्याने हे आधीच लक्षात घेतलेले बरे. विक्रेत्याकडे तीन गोष्टींची लेखी विचारणा करावी : सर्वांत जवळचे अधिकृत सेवा केंद्र किती किलोमीटरवर आहे, क्लच प्लेट, केबल, आरसा, लिव्हर असे नेहमी लागणारे भाग किती दिवसांत मिळतात, आणि वॉरंटीत काय बसत नाही. बुलेटचा मेकॅनिक प्रत्येक तालुक्याला आहे, त्याच्या हाताला ती गाडी पाठ आहे. नव्या बीएसएचे तसे नाही, आणि पाण्याने थंड होणारे, संगणकाच्या आज्ञेत चालणारे इंजिन पान्याने ठाकठोक करून सुधारत नाही.

कराचाही विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरील गाड्यांवर ४० टक्क्यांचा दर लागू झाला. एनफिल्डची क्लासिक आणि बुलेट, जावा, येझदी या गाड्या त्यामुळे स्वस्त झाल्या. ६५० सीसीच्या गोल्ड स्टारवर आणि चाकणच्या ३९८ सीसी ट्रायम्फवर करभार वाढला. आठवणींच्या बाजारात आता ३५० हा आकडा सीमारेषा बनला आहे.

बीएसएचे पुढचे पाऊल या रेषेच्या आतले आहे. जुलै २०२५ मध्ये कंपनीने ब्रिटनमध्ये ‘बँटम ३५०’ आणली. तिचे ३३४ सीसीचे इंजिन भारतात धावणाऱ्या जावाच्या गाडीतलेच. मूळ बँटम १९४८ ते १९७१ या काळात साडेतीन लाखांहून अधिक संख्येने खपली. टपाल वाटणारे, शिकाऊ स्वार, कामावर जाणारे मजूर यांची ती गाडी होती. पण तीही अस्सल ब्रिटिश नव्हती. महायुद्धात हरलेल्या जर्मनीकडून भरपाई म्हणून मिळालेल्या ‘डीकेडब्ल्यू आरटी १२५’ च्या आराखड्यांवरून ती बेतलेली होती. तेच आराखडे रशियात आणि अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनकडे गेले, आणि १९५५ साली यामाहाने आपली पहिली मोटारसायकल बनविली तीही त्याच जर्मन गाडीवरून.